काळ्या माणसांच्या मुक्तिलढ्याचा अभ्यासवर्ग गावात कसा चालवावा

परभणी, बीड किंवा किनवटसारख्या ठिकाणी अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या मुक्तिलढ्याचा अभ्यासवर्ग घ्यायचा असेल, तर पहिली बैठक अमेरिकेपासून सुरू न करता खुलताबादपासून सुरू करावी. तेथे मलिक अंबरची कबर आहे. सुमारे १५४८ मध्ये इथिओपियात जन्मलेला, लहानपणीच विकला गेलेला आणि एका धन्याकडून दुसऱ्याकडे जात दख्खनमध्ये पोचलेला हा माणूस पुढे अहमदनगरच्या निजामशाहीचा कर्ता कारभारी झाला. १६१० मध्ये त्याने जी खडकी वसवली, तिचेच पुढे औरंगाबाद आणि आता छत्रपती संभाजीनगर झाले. एवढे सांगून थांबावे आणि विचारावे, की विकत घेतलेला आफ्रिकी माणूस येथे राज्य चालवू शकला, मग त्याच शतकात व्हर्जिनियातील मळ्यावर हे अशक्य का झाले?

याचे उत्तर कायद्यात आहे. १६१९ मध्ये व्हर्जिनियात वीसेक आफ्रिकी माणसे विकली गेली, तेव्हा त्यांचा दर्जा नेमका काय हे पुरते ठरलेले नव्हते. १६६२ च्या कायद्याने ठरवले, की मुलाची स्थिती आईच्या स्थितीप्रमाणे राहील. म्हणजे गुलाम स्त्रीच्या पोटी जन्मलेले मूल, बाप गोरा मालक असला तरी, जन्मतःच गुलाम. १६६७ च्या कायद्याने बाप्तिस्मा घेऊनही सुटका होणार नाही असे ठरले. दख्खनमधील गुलामगिरी सौम्य होती असा निष्कर्ष मात्र कोणाला काढू देऊ नये. माणसाचा बाजार येथेही भरत होता. फरक दाखवायचा तो एवढ्यासाठी, की गोऱ्यांचे वर्चस्व हा निसर्गाचा किंवा केवळ मनातील तिटकाऱ्याचा प्रकार नसून कायदा, हिशेब आणि दहशत यांनी टप्प्याटप्प्याने उभी केलेली व्यवस्था आहे, हे पहिल्याच दिवशी पक्के व्हावे. पुढील प्रत्येक बैठकीत तीन प्रश्न फळ्यावर लिहून ठेवावेत: नियम कोणी केला, त्यातून कोणाला मिळकत झाली, आणि तो मोडण्यासाठी कोणी काय केले.

वर्ग बारा ते पंधरा जणांचा असावा. बैठका सहा ते आठ पुरतात. सोयाबीनची काढणी आणि कापसाची वेचणी चालू असताना वर्ग लावल्यास खुर्च्या रिकाम्या राहतात, आणि ऊसतोडीला गेलेली कुटुंबे परतल्याशिवाय ज्यांचे म्हणणे सर्वांत मोलाचे ती माणसे येऊच शकत नाहीत; म्हणून चैत्र-वैशाखात, लग्नाच्या तिथी टाळून, संध्याकाळी सातनंतरची वेळ धरावी. विहार, वाचनालय किंवा शाळेची खोली यांपैकी जेथे सर्व वस्त्यांतील बायका संकोच न बाळगता येतील, ती जागा निवडावी.

शब्दांसाठी अर्धी बैठक राखून ठेवावी, कारण मराठीत येथे खरी अडचण आहे. आपण ‘वर्णद्वेष’, ‘वर्णभेद’ म्हणतो तेव्हा ‘वर्ण’ या शब्दातून रंग आणि चातुर्वर्ण्य हे दोन्ही अर्थ एकदम ऐकू येतात आणि चर्चा नकळत घसरते. आमच्या पहिल्या वर्गात हेच झाले. तासभर आम्ही अमेरिकेविषयी बोलत आहोत असे समजत होतो आणि प्रत्यक्षात गावातील भांडण भांडत होतो. म्हणून रंगाविषयी बोलताना ‘वंशद्वेष’ आणि ‘गोऱ्यांचे वर्चस्व’ हे शब्द ठरवून घ्यावेत. जुन्या मराठी पुस्तकांत ‘निग्रो’ हा शब्द भेटेल. तो त्या काळचा म्हणून वाचावा, आपल्या बोलण्यात वापरू नये. ‘हबशी’ या शब्दाचा शिवीसारखा वापरही तेथेच थांबवावा. आपल्या घरांत सावळ्या मुलीच्या लग्नाविषयी जे बोलले जाते, तेही याच बैठकीत निघते आणि निघू द्यावे.

यानंतर कापूस घ्यावा. १७९३ मध्ये सरकी काढण्याचे यंत्र आले, कापसाखालील जमीन पसरत गेली, आणि १७९० च्या जनगणनेत सुमारे ७ लाख असलेले गुलाम १८६० मध्ये ४० लाखांच्या घरात पोचले. कापूस वेचणे म्हणजे काय, हे पुस्तकातून सांगण्याची आपल्याकडे गरज नाही. किलोवर वेचणी करणाऱ्या एखाद्या बाईंना त्या दिवशी आधी बोलू द्यावे: बोटांना बोंडाची टोके कशी लागतात, दिवसाला किती भरतो. मग सांगावे, की मळ्यावर संध्याकाळी प्रत्येकाचा कापूस तोलला जाई आणि वजन कमी भरल्यास पाठीवर चाबूक बसे.

१८६५ मध्ये तेराव्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी संपली, १८७० मध्ये पंधराव्या दुरुस्तीने काळ्या पुरुषांना मतदानाचा अधिकार मिळाला आणि त्याच वर्षी मिसिसिपीतून हायरम रेव्हल्स हा काळा माणूस सिनेटवर गेला. ही बारा वर्षांची उमेद, १८७७ मध्ये तिच्यावरचे संघराज्य सरकारचे संरक्षण निघणे, आणि १८९० च्या मिसिसिपी राज्यघटनेतील, काळ्यांना मतदानापासून रोखणारा मतकर व वाचनपरीक्षा, हे सारे एकाच बैठकीत सलग मांडावे, म्हणजे मिळवलेला हक्क परत कसा काढून घेतला जातो ते दिसते. दक्षिणेत अर्धलीने शेती करणाऱ्याला बी, अवजारे आणि धान्य मालकाच्या दुकानातून उधारीवर मिळे, व्याज मालक लावी आणि हिशेबाची वहीही त्याच्याचकडे असे. मुकादमाची उचल घेतलेला माणूस हे ऐकून लगेच मान हलवतो. आयडा बी. वेल्स या काळ्या पत्रकार बाईंचे कामही येथेच घ्यावे. १८९२ मध्ये मेम्फिसमध्ये जमावाने तीन काळ्या माणसांना ठार मारले. त्यांचे किराणा दुकान शेजारच्या गोऱ्या दुकानदाराच्या धंद्याच्या आड येत होते. बाईंनी अशा हत्यांची प्रकरणे एकेक करून तपासली आणि पुढे केली जाणारी कारणे किती खोटी होती ते छापून दाखवले.

सर्वांत जास्त वेळ, शक्य असल्यास दोन बैठका, अलाबामातील माँटगोमेरी शहराच्या बस बहिष्काराला द्याव्यात. रोझा पार्क्स थकल्या होत्या म्हणून गोऱ्या प्रवाशासाठी बसमधील जागेवरून उठल्या नाहीत, एवढीच गोष्ट आपल्याकडे पोचली आहे, आणि तिने संघटनेचे सारे काम झाकले जाते. पार्क्स या वंशद्वेषविरोधी संघटनेच्या जुन्या कार्यकर्त्या होत्या. त्यांच्या नऊ महिने आधी क्लॉडेट कोल्विन या पंधरा वर्षांच्या मुलीलाही याच कारणासाठी अटक झाली होती. १ डिसेंबर १९५५ च्या अटकेनंतर जो ॲन रॉबिन्सन यांनी रातोरात हजारो पत्रके छापून काढली. बसने जाणाऱ्यांत बहुसंख्य लोक काळे होते, म्हणूनच बहिष्काराची झळ कंपनीला लागली. बहिष्कार टाकणाऱ्यांची सुरुवातीची मागणी जागा मिळण्याची रीत बदला, सौजन्याने वागा आणि काळे चालकही नेमा, एवढीच होती. शेकडो खासगी गाड्यांची ने-आण आखली गेली. जॉर्जिया गिल्मोर आणि त्यांच्या सोबतिणी जेवण आणि केक विकून पेट्रोलसाठी पैसे जमवत. बहिष्काराचे पुढारी मार्टिन ल्यूथर किंग यांच्या घरावर बाँब पडला, पुढाऱ्यांवर खटले भरले गेले, तरी ३८१ दिवस लोक चालत राहिले. या बैठकीत गटाला एक काम द्यावे: आपल्या तालुक्याची एसटी वर्षभर सोडायची झाल्यास दवाखाना, कॉलेज आणि बाजार यांची सोय कशी लावाल, ते कागदावर मांडा. कागद भरू लागला की त्या ३८१ दिवसांमागे किती बायकांची किती टिपणे होती हे कळते.

जातीशी तुलना शेवटून दुसऱ्या बैठकीआधी करू नये, आणि केल्यास एका वेळी एकाच गोष्टीची करावी: पाणी, वस्ती, शाळा किंवा कर्ज. हे नाते आपण ओढून आणलेले नाही. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेतील गुलाममुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केली, १९४६ मध्ये बाबासाहेबांनी अमेरिकेतील काळे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहिले, आणि १९७२ मधील दलित पँथरने आपले नाव अमेरिकेतील ओकलंडच्या ब्लॅक पँथर या काळ्यांच्या संघटनेवरून घेतले. तरीही जात रंगावरून ओळखू येत नाही आणि गोऱ्यांच्या वर्चस्वाला धर्मग्रंथांतील शुद्ध-अशुद्धाचा तसा आधार नाही, हे फरक स्पष्ट नोंदवावेत.

मराठवाड्यात हा विषय विद्यापीठाच्या नामांतरापर्यंत पोचणारच. १९७८ मध्ये ज्यांची घरे जळाली, त्यांतील काही माणसे अजून आपल्या शेजारी राहतात. त्यांना साक्षीदार म्हणून उभे करू नये. ती स्वतःहून बोलली तर वेळेकडे न पाहता ऐकावे, आणि त्यांनी होकार दिल्याशिवाय टिपण किंवा ध्वनिमुद्रण करू नये.

प्रत्येक बैठकीचे टिपण पाळीपाळीने एकाने मराठीत, वहीच्या दोन पानांत लिहावे आणि वही वाचनालयात ठेवावी. पुढील वर्षीच्या वर्गाने पहिल्या संध्याकाळी ती मोठ्याने वाचावी, चुका लाल शाईने दुरुस्त कराव्यात आणि मग खुलताबादची बस पकडावी.