करिअरचा निर्णय घेण्याआधी स्वतःची नोंदवही कशी ठेवावी

नोकरी बदलावी, कोर्स लावावा की आहे तिथेच बढतीची वाट बघावी, हा प्रश्न पडला की बहुतेक जण आधी बाहेर बघतात. कशाला मागणी आहे, मित्राला किती पॅकेज मिळालं, लिंक्डइनवर काय चाललंय. ही माहिती लागतेच, पण स्वतःची माहिती हातात आल्यावर. ती नुसतं डोळे मिटून बसल्याने मिळत नाही, कारण ‘मी मेहनती आहे, मला आव्हानं आवडतात’ ही वाक्यं मुलाखतींसाठी घोकून घोकून आपल्यालाच खरी वाटायला लागलेली असतात. त्यामुळे इथे सगळी भिस्त नोंदींवर आहे. रोजची दहा-पंधरा मिनिटं, असे साधारण तीन आठवडे, आणि शेवटी एक मोकळी रविवार सकाळ, एवढा वेळ काढा.

कामाचे दहा दिवस

खिशात मावेल अशी वही घ्या. ऑफिसच्या लॅपटॉपवर ही नोंद अजिबात ठेवू नका. प्रत्येक कामासाठी चार गोष्टी लिहा: काय केलं, किती मिनिटं लागली, खूण (अधिक, उणे किंवा शून्य) आणि त्या खुणेचं कारण. ‘मीटिंग’ किंवा ‘मेल’ असं लिहून भागणार नाही. क्रियापद हवं: समजावलं, जुळवलं, तपासलं, वाद घातला, वाट पाहिली. एकाच मीटिंगमध्ये वीस मिनिटं समजावण्यात आणि चाळीस मिनिटं गप्प बसण्यात गेली असतील, तर त्या दोन वेगळ्या नोंदी.

चाकणच्या एखाद्या कारखान्यात क्वालिटीत असलेल्या इंजिनिअरचं पान असं दिसेल:

रिजेक्शनचे आकडे एक्सेलमध्ये जुळवले. ७० मिनिटं. उणे. दोन शीटमध्ये बेरीज वेगळी, कंटाळा.
भोकाच्या कडेला बर (धातूची खरखरीत कड) का येतोय, ते ऑपरेटरबरोबर लाइनवर उभं राहून शोधलं. ५० मिनिटं. अधिक. फिक्स्चर (काम होताना भाग धरून ठेवणारी पकड) सैल निघालं.
ग्राहकाच्या तक्रारीचा रिपोर्ट लिहिला. ९० मिनिटं. शून्य.
व्हेंडरला फोनवर झापलं. १५ मिनिटं. उणे. तासभर डोकं तापलेलं.

आता समजा, हाच माणूस ‘सध्या त्यालाच मागणी आहे’ म्हणून डेटा ॲनालिटिक्सच्या लाखभराच्या कोर्सला पैसे भरायला निघालाय. एका पानावरून काही ठरवू नये हे खरं. पण दहाही दिवस आकडे जुळवताना उणे आणि मशीनजवळ अधिक येत असेल, तर फी भरायची घाई कशाला?

नोंद दोनदा करा, जेवणाआधी आणि निघण्याआधी. रात्री अंथरुणावर पडल्यावर लिहिली तर ती फसवते. मानसशास्त्रज्ञ डॅनिएल काहनेमन आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगांत दिसलं होतं की एखादा अनुभव आठवताना आपण त्यातला सगळ्यात तीव्र क्षण आणि शेवट यांवरून सगळ्याचं माप काढतो. सहा वाजता साहेब ओरडले की आख्खा दिवस वाईट ठरतो, सकाळचे दोन चांगले तास हिशेबातून गळतात. दिवस निवडतानाही भान ठेवा. मार्चअखेर, ऑडिटचा आठवडा, दिवाळीच्या आधीचे चार दिवस, हे सोडून द्या.

कारणाच्या रकान्यात एक गोष्ट न चुकता लिहा: उणे आलं ते कामामुळे की माणसामुळे? व्हेंडरशी बोलणंच नकोसं वाटतं, की त्या एका व्हेंडरशी? क्षेत्र बदलण्याचे कितीतरी बेत मुळात साहेब बदलण्याचे असतात. उणे बहुतेक एकाच माणसाभोवती जमत असतील, तर आधी विभाग बदलून मिळतो का ते बघा, तेच काम दुसऱ्या कंपनीत करून बघा. आणि दहाही दिवस सगळंच उणे असेल, सुट्टीच्या दिवशी आवडत्या गोष्टीतही मन लागत नसेल, झोप उडाली असेल, तर वही मिटा आणि आधी डॉक्टरांना भेटा. अशा अवस्थेत काढलेले करिअरचे निष्कर्ष भरवशाचे नसतात.

जमतं आणि आवडतं, यांची फारकत

दहा दिवस झाले की सगळ्या कामांपुढे दुसरी खूण करा: हे मला इतरांपेक्षा बरं जमतं का? पुरावा लागेल. लोक त्या कामासाठी तुमच्याकडे आपणहून येतात का? तुम्ही रजेवर असताना ते अडतं का? असं काहीच सापडत नसेल तर प्रश्नचिन्ह टाकून पुढे जा.

जमतं आणि आवडतं, ते कुठे आहे हे बहुतेकांना आधीच ठाऊक असतं. जास्त लक्ष द्यायचं ते ‘जमतं पण आवडत नाही’ या रकान्याकडे. इथलं काम तुम्ही बिनचूक करता, म्हणून ते तुमच्याच गळ्यात पडतं. बढतीही त्याच्याच जोरावर मिळते, आणि बढतीनंतर ते आणखी वाढतं. पाच-सात वर्षांत रेझ्युमे त्याच कामाने भरतो आणि रिक्रूटरचे फोनही त्यासाठीच येतात. हा रकाना तुमच्या आठवड्याचा निम्म्याहून जास्त वेळ खात असेल, तर ते काम शिकवून कुणाच्या हाती सोपवता येईल, हे नोकरी शोधण्याआधी तपासा. ‘आवडतं पण जमत नाही’ हा रकाना मात्र कोर्ससाठी योग्य. पैसे घालायचे तर इथे घाला.

पाच जणांना विचारा

जोसेफ लुफ्ट आणि हॅरिंग्टन इंगम या मानसशास्त्रज्ञांनी १९५५ मध्ये मांडलेल्या जोहारी खिडकीत, म्हणजे स्वतःबद्दलच्या माहितीच्या चार कप्प्यांच्या आकृतीत, एक कप्पा असा आहे, की जे इतरांना दिसतं पण आपल्याला दिसत नाही. तो उघडायला माणसं लागतात. एक आजी किंवा माजी साहेब, दोन सहकारी, एक ज्युनिअर आणि ऑफिसबाहेरचं एक माणूस, एवढे पुरेत. ज्युनिअर शक्यतो जुना निवडा. आज हाताखाली असलेला मुलगा ‘सर, तुमचं सगळंच छान आहे’ यापलीकडे काही बोलणार नाही.

‘माझ्यात काय चांगलं आहे?’ असं विचारलंत तर कौतुक ऐकून घरी याल. असं विचारा: ‘कोणत्या कामासाठी तुम्ही मला सगळ्यात आधी फोन कराल? आणि कोणतं काम मला चुकूनही देणार नाही?’ उत्तर लेखी किंवा व्हॉइस मेसेजवर घ्या, विचार करायला दोन दिवस द्या आणि आलेल्या उत्तरावर खुलासा करत बसू नका. एकाच माणसाने सांगितलेली गोष्ट बाजूला ठेवा. तिघांनी सांगितलेली वहीत उतरवा, पटली नाही तरी.

काय सोडवत नाही

मूल्यांची यादी करायला बसलं की सगळेच प्रामाणिकपणा आणि कुटुंब लिहितात. त्यापेक्षा मागे वळून तीन नकार आठवा: नाकारलेली बदली, सोडलेली बढती, न घेतलेली परदेशातली संधी. काय वाचवण्यासाठी नाही म्हणालात? व्यवस्थापनाचे प्राध्यापक एडगर शाइन यांनी एमआयटीच्या माजी विद्यार्थ्यांचा बरीच वर्षं माग काढून ‘करिअर अँकर’ ही कल्पना मांडली. अगदी पेचात पडल्यावरही माणूस जे सोडायला तयार होत नाही, तो त्याचा अँकर. पुढे त्यांनी असे आठ सांगितले: तांत्रिक कौशल्य, व्यवस्थापन, स्वायत्तता, स्थैर्य, स्वतःचं काही उभारणं, सेवा, निखळ आव्हान आणि जीवनशैली. तुमच्या तिन्ही नकारांखाली यातला एकच येत असेल तर तो ठळक लिहा. स्थैर्य आलं म्हणून खट्टू होण्याचं कारण नाही. ते झाकून स्टार्टअपमध्ये उडी घेतली की सहा महिन्यांत झोप जाते.

पैसे हाही या माहितीचाच भाग. समजा, हातात ६२,००० येतात. हप्ता २१,०००, घरखर्च २४,०००, आईवडिलांना ५,०००. म्हणजे महिन्याला ५०,००० च्या खाली जाता येणार नाही. सहा महिन्यांची गंगाजळी ३,००,००० हवी आणि उरतात १२,०००, म्हणजे शून्यापासून जमवायला २५ महिने. हा आकडा लिहिलेला असला की ‘पुढच्याच महिन्यात राजीनामा’ हे वाक्य आपोआप मागे पडतं. त्याशेजारी नोटीस पिरियड, मुलांच्या शाळेचं वर्ष, घरातलं आजारपण हेही टिपून ठेवा.

चाचण्यांचं स्थान

चाचणी नोंदींनंतर द्या. आधी दिली तर पुढच्या नोंदी तिच्याच चष्म्यातून होतात. आवडींसाठी मानसशास्त्रज्ञ जॉन हॉलंड यांची, कामाच्या आवडींचे सहा प्रकार पाडणारी मांडणी उपयोगी आहे. तिच्यावर आधारलेली, अमेरिकेच्या कामगार खात्याची ओ-नेट इंटरेस्ट प्रोफायलर ही ६० प्रश्नांची चाचणी ऑनलाइन मोफत आहे. मात्र ती आवड सांगते, कुवत सांगत नाही. कुवतीसाठी प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञाकडे अभिक्षमता चाचणी द्यावी लागते. एमबीटीआय या व्यक्तिमत्त्व चाचणीतून मिळणारा चार अक्षरांचा प्रकार कपाळावर गोंदवून घेऊ नका. ज्यांचे गुण सीमारेषेजवळ असतात, त्यांचं एखादं अक्षर पुन्हा चाचणी दिल्यावर सहज बदलतं.

एक पान, मग एक प्रयोग

रविवारी हे सगळं एका पानावर आणा: अधिक आलेली तीन क्रियापदं, सोपवायचं एक काम, तिघांनी सांगितलेली गोष्ट, एक अँकर, खर्चाची किमान रक्कम. त्यावरून एकच अंदाज लिहा. उदाहरणार्थ, ‘मला प्रोसेस सुधारणेच्या कामात क्वालिटीपेक्षा जास्त गती मिळेल.’ आता तो स्वस्तात तपासा: दुसऱ्या विभागाच्या सुधारणा प्रकल्पात दोन महिने आठवड्याला चार तास, किंवा तेच काम करणाऱ्या तिघांकडून त्यांच्या कालच्या दिवसाचा तासवार हिशेब. ‘काम कसं आहे?’ असं विचारू नका, सगळे ‘छान’ म्हणतात.

प्रयोगाआधी काय घडेल असं वाटतं, ते तारीख घालून लिहा. मोठ्या निर्णयांसाठी व्यवस्थापनतज्ज्ञ पीटर ड्रकर नऊ ते बारा महिन्यांनी अंदाज आणि प्रत्यक्ष ताडून बघायला सांगत. दोन महिन्यांच्या प्रयोगाला दोन महिनेच पुरतात. जुनं पान फाडू नका, नवं त्याच्याच शेजारी लिहा. अप्रेझलचा फॉर्म येण्याच्या पंधरा दिवस आधी दोन्ही पानं काढलीत, तर ‘तुमची बलस्थानं’ या चौकटीत टीम प्लेयर लिहायची वेळ येणार नाही. तिथे सैल फिक्स्चर लिहिता येईल, तारखेसकट.