एपीआय चालत नाही? कोड उघडण्याआधी या चुका टाळा

एपीआय म्हणजे एका प्रोग्रॅमने दुसऱ्याकडून काम करून घ्यायची ठरलेली वाट. ‘एपीआय चालत नाहीये’ असा मेसेज आला की आपण लगेच कोड उघडतो. पहिली चूक तीच. आधी सर्व्हरकडे प्रत्यक्ष काय गेलं आणि तिकडून काय आलं, ते पाहा. कर्ल या कमांड-लाइन टूलचा व्हर्बोज (सगळा तपशील दाखवणारा) पर्याय वापरा, किंवा मध्ये फिडलर, चार्ल्स अशी प्रॉक्सी, म्हणजे येणंजाणं टिपणारा मध्यस्थ प्रोग्रॅम, बसवा. क्लायंटच्या (रिक्वेस्ट पाठवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) लॉगमध्ये दिसतं ते आपण पाठवायला घेतलेलं. लायब्ररीने वाटेत त्याचं काय केलं, ते तिथे कळत नाही.

एकदा माझे दोन दिवस यातच गेले. इंग्रजीत नाव भरलं की फॉर्म जायचा, मराठीत भरलं की ४००, म्हणजे ‘रिक्वेस्टच चुकीची’ असं सर्व्हरचं उत्तर. आणि त्यानंतरची अगदी साधी रिक्वेस्टही फसायची! क्लायंटमध्ये कंटेंट-लेंग्थ (सोबतच्या मजकुराची लांबी सांगणारा हेडर) हाताने मोजली होती, तीही अक्षरांत. हा हेडर बाइट्स मागतो. ‘मराठी’ या शब्दात ५ युनिकोड चिन्हं आहेत, पण यूटीएफ-८ या साठवण्याच्या पद्धतीत त्यांचे १५ बाइट होतात. सर्व्हरने सांगितले तेवढेच बाइट वाचले, जेसन (ज्या स्वरूपात माहिती पाठवली होती ते) अर्धवट तुटलं, आणि उरलेले बाइट त्याच कनेक्शनवर पुढच्या रिक्वेस्टची सुरुवात म्हणून वाचले गेले. म्हणून लांबी स्वतः मोजूच नका, लायब्ररीला मोजू द्या. टेस्टमध्ये एखादं मराठी नाव मात्र कायम ठेवा.

भारतीय वेळेचाही असाच एक सापळा आहे. क्वेरी स्ट्रिंगमध्ये (पत्त्यातल्या प्रश्नचिन्हानंतरच्या भागात) भारतीय वेळेचा फरक +०५:३० तसाच पाठवला, तर बहुतेक सर्व्हर अधिकचं चिन्ह मोकळी जागा म्हणून वाचतात आणि तारीख नाकारतात. तिथे अधिकच्या चिन्हाऐवजी %2B पाठवावं लागतं. न्यूयॉर्कच्या -०५:०० ला हा त्रास नाही, त्यामुळे तिकडे लिहिलेल्या टेस्ट बिनबोभाट पास होतात.

पोस्टमन या एपीआय तपासायच्या टूलमध्ये चालतं पण ब्राउझरमध्ये नाही, असं असेल तर बहुधा कॉर्स, म्हणजे एका साइटच्या पानाला दुसऱ्या सर्व्हरचं उत्तर वाचू द्यायचं की नाही याचा ब्राउझरचा नियम. ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समधल्या नेटवर्क टॅबमध्ये ऑप्शन्स रिक्वेस्टला (ब्राउझर आधी परवानगी विचारतो तिला) काय उत्तर आलं ते बघा. ४०१ आणि ४०३ यांचीही गल्लत नको: ४०१ म्हणजे ओळखच पटली नाही, ४०३ म्हणजे परवानगी नाही. दुसऱ्यात टोकन (ओळख पटवणारा कोड) बदलत बसून सहसा काही होत नाही.

सगळ्यात महाग चूक टाइमआउटची. ५०४ (मधल्या सर्व्हरला वेळेत उत्तर मिळालं नाही) आला म्हणजे काम झालं नाही, असं अजिबात नाही. सर्व्हरने ऑर्डर नोंदवलेली असू शकते, फक्त उत्तर उशिरा निघालं. डोळे झाकून रिट्राय केलात, म्हणजे तीच रिक्वेस्ट पुन्हा पाठवलीत, तर ग्राहकाचे पैसे दोनदा कापले जाऊ शकतात. प्रत्येक ऑर्डरला क्लायंटनेच एक युनिक आयडी द्यावा, रिट्राय करताना तोच पुन्हा पाठवावा, आणि तो आधी आलेला असेल तर सर्व्हरने नवी नोंद न करता जुनंच उत्तर परत करावं.