एसीच्या खोलीतल्या फटी शोधताय? या चुका टाळा

मे महिन्यात नागपूर-अकोल्याकडे पारा ४४-४५ वर गेला की एसी २४ वर लावूनही खोली गार होत नाही, ही तक्रार घरोघरी ऐकू येते. मग मेकॅनिक येतो, फिल्टर धुतो, गॅस भरून जातो. पण एसीतला गॅस बंद नळीतच फिरत असतो, गाडीतल्या पेट्रोलसारखा तो वापरून संपत नाही. गळती नसेल तर दर उन्हाळ्यात तो भरायची गरजच नाही. बाहेरची गरम हवा दिवसभर खोलीत शिरत असेल, तर मशीनवर कितीही खर्च करा, फरक पडणार नाही. आधी खोली तपासा.

तपासताना बहुतेक जण पंखा चालू ठेवूनच खिडकीजवळ हात धरतात. पंख्याच्या वाऱ्यात फटीतली झुळूक कळणार कशी? पंखा आणि एसी दोन्ही बंद करा. खोलीला लागून बाथरूम असेल तर त्याचं दार उघडं ठेवून तिथला एक्झॉस्ट फॅन लावा. बेडरूमचं दार आणि सगळ्या खिडक्या नीट बंद. एक्झॉस्ट खोलीतली हवा बाहेर ओढतो आणि तेवढीच हवा मिळेल त्या फटीतून आत येते. मात्र तो फॅन लुव्हरच्या, म्हणजे आडव्या काचपट्ट्यांच्या खिडकीत बसवलेला असेल, तर बाजूच्या काचांमधल्या फटींवर आधी वर्तमानपत्र चिकटवा. नाहीतर हवा तिथूनच येऊन तिथूनच जाईल आणि खोलीतलं काहीच कळणार नाही.

आता उदबत्ती लावा आणि फटीफटीशी सावकाश फिरवा, पडदे आधी बाजूला बांधून. स्लायडिंग खिडकीच्या चारही कडा सगळे तपासतात, पण दोन पल्ले मधोमध एकमेकांवर येतात ती उभी रेघ राहून जाते. तिथे वरपासून खालपर्यंत उदबत्ती न्या. धूर सरळ वर जाता जाता एकदम आडवा होऊन खोलीत वळला, की तिथली ब्रशसारखी केसाळ पट्टी झिजली आहे असं समजा. ॲल्युमिनियमच्या कामवाल्यांकडे ती वूल पाईल म्हणून मिळते. जुन्या पट्टीचा तुकडा सोबत न्या, कारण रुंदी आणि केसांची उंची जुळली नाही तर पल्ला एकतर अडकतो किंवा फट तशीच राहते.

दुसरी दुर्लक्षित जागा म्हणजे इनडोअर युनिटच्या मागचं पाइपचं भोक. बसवताना ते मोठं पाडतात आणि भरतात वरवर. ते भरायला घट्ट होणारा एम-सील नको, पुढे पाइप काढायची वेळ आली की भिंत फोडावी लागते. मऊ राहणारी पुट्टी वापरा. पाणी जायच्या नळीचा उतार बाहेरच्या बाजूला आहे ना, तेही तेव्हाच बघून घ्या. स्विचबोर्डातून वारा येत असेल तर मात्र स्वतः काही कोंबू नका, इलेक्ट्रिशियनला दाखवा.

एक्झॉस्ट लावल्यावर बाथरूममधून गटाराचा वास आला, तर जमिनीवरच्या जाळीखालच्या नहाणी ट्रॅपमधलं पाणी सुकलं आहे. न वापरल्या जाणाऱ्या बाथरूममध्ये हे हमखास होतं. जाळीत दोन तांबे पाणी ओता, पाण्याचा अडसर पुन्हा तयार होतो.

अंगाला झुळूक लागते तेवढीच फट, असं समजणं ही आणखी एक मोठी चूक. बाहेर जाणारी हवा अंगाला लागतच नाही. गार हवा जड असते, ती खाली बसते आणि दाराखालून गुपचूप निघून जाते. तिची जागा घ्यायला वरच्या फटींतून, फॉल्स सीलिंगच्या कडांतून गरम हवा येते. म्हणून एकदा एक्झॉस्ट न लावताही तपासा. एसी तासभर चालवून बंद करा आणि लगेच दाराखाली उदबत्ती धरा. धूर बाहेर ओढला गेला तर दाराला खालून रबर पट्टी हवीच.

आता सगळ्यात महत्त्वाचं: काय बंद करायचं नाही. स्लायडिंगच्या खालच्या ट्रॅकमध्ये बाहेरच्या बाजूला छोटी भोकं असतात. ती फट समजून सिलिकॉनने बुजवली, तर पावसाळ्यात ट्रॅक भरून पाणी घरात येतं. बाथरूममध्ये गॅस गिझर असेल तर तिथल्या झरोक्याला कधीही हात लावू नका. कोंडलेल्या जागेत गिझरमुळे कार्बन मोनॉक्साइड साचतो, त्याला वास नसतो आणि त्याने जीव जातो. वरची एक्झॉस्टची चाचणी करतानाही गिझर आणि शेगडी बंदच हवी, कारण ओढीमुळे जळालेला वायू परत घरात येऊ शकतो. स्वयंपाकघरात जमिनीलगत असलेली जाळीही तशीच राहू द्या. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खालीच साचतो.

फटी बुजवल्यावर सिलिकॉन पूर्ण सुकू द्या आणि मगच पुन्हा उदबत्ती फिरवा. आणि घरगुती स्प्लिट एसी खोलीतलीच हवा फिरवतो, बाहेरची ताजी हवा बहुधा आणत नाही. त्यामुळे खोली छान बंद झाली, की सकाळी ऊन चढायच्या आत खिडक्या थोडा वेळ सताड उघडायला विसरू नका.