मोठ्या स्पर्धेतले डाव लाईव्ह कसे बघावेत: आधी पट्टी झाका, मग घड्याळ बघा

बुद्धिबळ बघायला बसलेला नवा माणूस पहिल्याच दिवशी एक गोष्ट करतो. पटाशेजारच्या उभ्या काळ्या-पांढऱ्या पट्टीवर डोळे लावतो. कोण वरचढ आहे याचा संगणकाचा अंदाज ती दाखवते. पट्टी वर गेली की खूश, खाली आली की हळहळ. तासाभरात कंटाळतो आणि म्हणतो, यात बघण्यासारखं काही नाही. खरंच नसतं, कारण त्यानं डाव बघितलेलाच नसतो.

माझं सांगलीत औषधाचं दुकान आहे. युरोपातल्या स्पर्धा ऐन गिऱ्हाइकीच्या वेळी रंगतात, त्यामुळं माझी बघायची पद्धत काउंटरवर बसून तयार झालेली आहे. सलग पाच तास पटासमोर बसणं मला जमत नाही, आणि त्याची गरजही नसते.

सुरुवात वेळापत्रकापासून करा. जानेवारीत नेदरलँड्समधल्या वाइक आन झे गावात टाटा स्टील स्पर्धा असते. तिथले दुपारचे दोन म्हणजे आपले संध्याकाळचे साडेसहा. शेवटची फेरी मात्र लवकर, आपल्या साडेचारला सुरू होते आणि दरवर्षी कुणीतरी ती चुकवतं. नॉर्वे चेस साधारण रात्री साडेआठला. 2024ची कँडिडेट्स, म्हणजे जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणारी स्पर्धा, टोरंटोत होती, तेव्हा डाव आपल्या मध्यरात्री सुरू व्हायचे आणि नाशिकच्या विदित गुजराथीसाठी जागणारे सकाळी कामावर डुलक्या काढायचे. त्या जागरणाचं चीज झालं म्हणा. दुसऱ्याच फेरीत त्यानं काळ्या मोहऱ्यांनी उंटाचा बळी देऊन अमेरिकेच्या नाकामुराला हरवलं. 2025चा वर्ल्ड कप गोव्यात झाला, दुपारी तीनला, आणि झोप न मोडता जागतिक बुद्धिबळ बघितलं. एक ध्यानात ठेवा: मार्च आणि ऑक्टोबरच्या अखेरीस युरोपातली घड्याळं तासाभरानं सरकतात. स्पर्धा त्या दरम्यान असेल तर मधूनच डावाची वेळ बदलते.

बघायचं कुठं? लिचेस या वेबसाइटवर ब्रॉडकास्ट विभागात जा. फुकट आहे, जाहिराती नाहीत, खातंही लागत नाही. फेरी उघडली की सगळे पट छोट्या चौकटींत दिसतात, प्रत्येक खेळाडूच्या नावाजवळ त्याचं घड्याळ. चेस डॉट कॉमवरही डाव दिसतात. समालोचनासाठी यूट्यूबवर चेसबेस इंडिया आहे, शिवाय स्पर्धेचं स्वतःचं प्रक्षेपण. हंगेरीचा ग्रँडमास्टर पीटर लेको समालोचनाला असेल तर मी दुसरीकडं जात नाही. तो लांबलचक चाली सांगत सुटतो, निम्म्या आपल्या डोक्यावरून जातात, पण ग्रँडमास्टर विचार कसा करतो ते त्याच्याकडून कळतं. नुसती आरडाओरड करणारं समालोचन मात्र आवाज बंद करून बघावं.

आता ती पट्टी. इंजिनचं, म्हणजे ती पट्टी हलवणाऱ्या संगणकी प्रोग्रॅमचं, बटण बंद करता येतं, ते करा. त्याआधी पट्टीवरच्या आकड्याचा अर्थ समजून घ्या, म्हणजे उत्सुकता शमेल. एक म्हणजे साधारण एका प्याद्याएवढी आघाडी. शून्य पूर्णांक तीन, चार म्हणजे जवळजवळ काहीच नाही. शून्य म्हणजे बरोबरी, पण ती इंजिन विरुद्ध इंजिन. त्या बरोबरीपर्यंत पोचायला एकच वाट असेल आणि ती बारा चाली दूर असेल, तर समोर बसलेल्या माणसाच्या दृष्टीनं तो डाव हरलेलाच असू शकतो. हे पट्टी सांगत नाही, घड्याळ सांगतं.

घड्याळ वाचायला शिकलात की निम्मं काम झालं. जागतिक अजिंक्यपद आणि कँडिडेट्समध्ये पहिल्या 40 चालींना दोन तास मिळतात, आणि तोवर चालीमागे एक सेकंदही वाढून मिळत नाही. 41व्या चालीपासून अर्धा तास आणि प्रत्येक चालीला 30 सेकंद. म्हणजे 40व्या चालीआधी सगळा गोंधळ व्हायचा. मी काउंटरवरून मधूनमधून एवढंच बघतो: कितवी चाल, कुणाकडं किती मिनिटं. पंधराव्या चालीपर्यंत दोघंही भराभर खेळत असतील तर घरची तयारी चालू आहे, निवांत गिऱ्हाईक करा. मग अचानक एकजण एका चालीला पंचवीस मिनिटं घेतो. तिथं तयारी संपली, तिथून डाव सुरू. तिसाव्या चालीला कुणाकडं पाचच मिनिटं उरली असतील तर मात्र पोराला काउंटरवर बसवा आणि पटासमोर या.

1 जून 2025ला नॉर्वे चेसमध्ये, स्टॅव्हँगरला, गुकेशनं नॉर्वेच्याच कार्लसनला हरवलं तो डाव आठवा. बराच वेळ कार्लसन वरचढ होता, पट्टीही त्याच्याच बाजूची. ज्यांनी पट्टी बघून फोन ठेवला ते मुकले. तिथं 40 चालींनंतर चालीमागे फक्त 10 सेकंद मिळतात. गुकेश अवघड स्थितीत चिवटपणे चाली शोधत राहिला, घड्याळं आटत गेली आणि घोड्याच्या एका चालीनं कार्लसनचा डाव फिरला. मग कार्लसननं टेबलावर आपटलेली मूठ सगळ्या जगानं बघितली. त्या मुठीआधीचा पाऊण तास बघण्यासारखा होता.

दुसरं, जवळ खरा पट ठेवा. माझा घडीचा चुंबकी पट बिलाच्या प्रिंटरशेजारी असतो. पडद्यावर बाण आणि रंगीत चौकटी असतात, हाताला काही काम नसतं. पटावर मोहरा उचलून हलवला की चाल कळते. खेळाडू विचारात पडला की आपणही एक चाल ठरवायची, मनातल्या मनात नव्हे, बोट ठेवून. ती चुकेल, चुकू दे.

पटाचा खरा उपयोग मोठी चूक झाल्यावर होतो. डिसेंबर 2024, सिंगापूर, जागतिक अजिंक्यपदाचा चौदावा आणि शेवटचा डाव. पांढरे मोहरे तेव्हाचा जगज्जेता चीनचा डिंग लिरेन याच्याकडं, काळे गुकेशकडं. गुकेशकडं एक प्यादं जास्त, पण दोघांकडंही हत्ती आणि उंट, बरोबरीच दिसत होती. डिंगच्या घड्याळात गुकेशपेक्षा कितीतरी कमी वेळ होता. 55व्या चालीला डिंगनं हत्ती एफ-दोनवर (उभी रांग एफ, आडवी दोन) आणला आणि पट्टी एका झटक्यात काळी झाली. का, ते पट्टी सांगत नाही. पटावर करून बघा: काळ्यानं हत्ती मारला, पांढऱ्या राजानं उलट मारला. मग काळा उंट डी-पाचवर, समोरच्या उंटाला मारामारीचं आमंत्रण. पांढरा उंट ए-आठच्या कोपऱ्यात, त्याला पळायला जागाच नाही. उंटही गेले. आता मोजा: दोन राजे, काळ्याची दोन प्यादी, पांढऱ्याचं एक. प्याद्यांपाशी काळा राजा आधी पोचतो आणि वाचवायला कुठलाही मोहरा शिल्लक नाही. तीन चालींनंतर डिंगनं डाव सोडला. हे एकदा हातानं केलं की मोहरे मारून कमी करणं नेहमी सोपं नसतं हे आपोआप कळतं.

सात पट एकदम बघू नका. गुणतक्ता बघून एक मुख्य डाव निवडा आणि एक बाजूला ठेवा. शेवटच्या फेरीला आघाडीवीरांचे डाव सोडून कुठंही जाऊ नका. 2025च्या टाटा स्टीलमध्ये आघाडीवर असलेले गुकेश आणि प्रज्ञानंद दोघंही शेवटच्या फेरीत हरले, मग अतिजलद टायब्रेकमध्ये, म्हणजे बरोबरी फोडायच्या डावांत, प्रज्ञानंद 2-1 जिंकला. बाद पद्धतीच्या स्पर्धेत तर टायब्रेकचा दिवस राखूनच ठेवावा. नागपूरच्या दिव्या देशमुखनं जॉर्जियातल्या बाटुमीत कोनेरू हम्पीला हरवून महिलांचा वर्ल्ड कप घेतला तो असाच, जलद डावात, काळ्या मोहऱ्यांनी.

चटकन संपलेल्या बरोबरीवर चिडू नका. एकच स्थिती तीनदा आली की बरोबरी मागता येते. काही स्पर्धांत ठरावीक चालींआधी आपसात बरोबरी करायला बंदी असते, पण ही पुनरावृत्तीची वाट मोकळीच राहते.

शेवटी दोन बारीक गोष्टी. काही स्पर्धांत फसवणूक टाळण्यासाठी चाली पंधरा मिनिटं उशिरा दाखवतात, तेव्हा निकाल आधी व्हॉट्सअ‍ॅपवर कळला तर गोंधळू नका, आणि माझ्यासारखं करायचं असेल तर ग्रुपच म्यूट करून टाका. दुसरं म्हणजे, पट तारेनं जोडलेले असतात, ठेवलेला मोहरा आपोआप पडद्यावर उमटतो. त्यामुळं कधीकधी डाव संपताना दोन्ही राजे अचानक पटाच्या मधोमध उडी मारताना दिसतात. ती चाल नव्हे, निकालाची खूण आहे. दोन्ही राजे पांढऱ्या घरांत म्हणजे पांढरा जिंकला, काळ्या घरांत म्हणजे काळा, एक इकडं एक तिकडं म्हणजे बरोबरी. एवढं झाल्यावर पट्टी खुशाल चालू करा आणि डाव पहिल्या चालीपासून पुन्हा फिरवा. तुम्ही बोट ठेवलेल्या चालींबद्दल इंजिनचं म्हणणं तेव्हाच विचारायचं.