लाँग आयलंडवरच्या जुन्या घराची कुंडली कशी काढावी

न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर लेव्हिटटाउन, हिक्सव्हिल, बेथपेज या पट्ट्यात घर घेतलेली मराठी मंडळी मला बॉयलर, छत नाहीतर प्रॉपर्टी टॅक्स यांबद्दल विचारायला फोन करतात. इथे उभा जन्म गेलाय, त्यामुळे सांगता येतं. पण फोन ठेवण्याआधी मी प्रत्येकाला एक काम लावते: ज्या घरात मुलं वाढवणार आहात, त्या घरात आधी कोण राहिलं आणि कुणाला राहू दिलं नाही, हे शोधून काढा.

सुरुवात घरापासून. १९४७ ते १९५१ या काळात लेव्हिट अँड सन्स या बिल्डर कंपनीने इथल्या बटाट्याच्या शेतांवर १७,४४७ घरं उभी केली. आता बहुतेकांवर मजला चढलाय, खोल्या वाढल्यात, म्हणून बाहेरून ओळख पटत नाही. आत शिरून मूळ भिंती शोधा. पहिली केप कॉड (उतरत्या छपराची छोटी) घरं ७५० चौरस फुटांची, प्लॉट साधारण ६० बाय १०० फूट, तळघर नाही, सगळं काँक्रीटच्या स्लॅबवर. १९४९पासूनच्या रँच नावाच्या घरांमध्ये मोठी खिडकी मागच्या अंगाला आणि स्वयंपाकघर पुढच्या दाराजवळ. ओट्याशी उभं राहून दारात कोण आलंय ते कळावं आणि दिवाणखान्यातून मागे खेळणारी मुलं दिसावीत, अशी रचना. दिवसभर एकटी घर सांभाळणारी बाई नकाशातच गृहीत धरलेली आहे. १९५०च्या मॉडेलमध्ये तर टीव्हीसुद्धा भिंतीत बसवूनच मिळायचा. मूळ फरशी बघायची हौस आली तरी जुन्या टाइल्स खरवडू नका. त्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, आधी तपासून घ्या. जमिनीत ड्रिलही मारू नका, गरम पाण्याच्या नळ्या स्लॅबमध्येच पुरलेल्या असतात.

मग कागद. क्लोजिंगच्या, म्हणजे खरेदी पूर्ण झाल्याच्या, फाइलमधलं तुमचं डीड (खरेदीखत) काढा. आधीच्या मालकाचा आणि जुन्या नोंदीचा उल्लेख त्यात बहुधा सापडतो. तो धागा धरून मिनिओला गावातल्या काउंटी क्लार्क ऑफिसात, म्हणजे जिल्ह्याच्या दस्त-नोंदणी कचेरीत, एकेक डीड मागे जायचं, बिल्डरपर्यंत. तिथे पोचल्यावर थांबू नका. अटी पुष्कळदा प्रत्येक डीडमध्ये नसतात. अख्ख्या वसाहतीसाठी बिल्डरने एकदाच वेगळा दस्त नोंदवलेला असतो. म्हणून बिल्डरचं नाव विकणाऱ्यांच्या सूचीत शोधा. लेव्हिटची बेथपेज रियल्टी नावाची वेगळी कंपनीही होती, तेही नाव बघा. कुंपण घालायचं नाही, कपडे दोरीवर वाळत घालायचे नाहीत, गवत कापलेलं हवं, अशा अटी भेटतील.

वंशाची अट मात्र सुरुवातीच्या भाडेकरारांत होती. पहिली घरं युद्धावरून परतलेल्या सैनिकांना महिना ६० डॉलर भाड्याने दिली गेली. त्या करारातलं पंचविसावं कलम सांगतं की, कॉकेशियन (गोऱ्या) वंशाबाहेरच्या कुणालाही इथे राहू देऊ नये; घरकामाचे नोकर तेवढे चालतील. भाडेकरार काउंटीत मिळायचे नाहीत. त्यासाठी लेव्हिटटाउनच्या सार्वजनिक ग्रंथालयातला स्थानिक इतिहासाचा संग्रह बघा. १९४८ साली शेली विरुद्ध क्रेमर खटल्यात सुप्रीम कोर्टाने ठरवलं की, अशा अटी कोर्टाकरवी अमलात आणता येणार नाहीत. पुढच्या वर्षी कलम गाळलं गेलं. काळ्या कुटुंबांना घर न देणं मात्र चालूच राहिलं, आणि या वसाहतींच्या कर्जांना विमा एफएचए ही सरकारचीच गृहनिर्माण संस्था देत होती. तेव्हा तुमच्या कागदांत काही सापडलं नाही म्हणून निश्चिंत होऊ नका.

म्हणूनच तिसरी पायरी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते: १९५०ची जनगणना. ७२ वर्षांची मुदत संपल्यावर, १ एप्रिल २०२२ला, नॅशनल आर्काइव्ह्जने ती फुकट खुली केली. नावाने शोधू नका, हस्ताक्षर वाचताना यंत्र चुकतं. तुमच्या भागाचा गणना-विभाग क्रमांक काढा आणि डाव्या कडेचं रस्त्याचं नाव वाचत पानं उलटा. वंशाचा रकाना वरपासून खालपर्यंत वाचा, पानामागून पान. मग बायकांच्या नावांपुढचा कामाचा रकाना बघा: ‘एच’ म्हणजे घर सांभाळते. दर पाच माणसांत एकाला जादा प्रश्न विचारलेले आहेत. वर्षभरापूर्वी याच घरात होतात का, पुरुष असेल तर युद्धात होतात का, हे तिथे कळतं.

शेजारी जुने कुणी उरले असतील तर त्यांच्याकडे जा, पण उठल्यासुटल्या वंशभेदावर बोलायला लावू नका. माणूस आक्रसतो. गाडी एकच होती तेव्हा आई बाजारहाट कसा करायची, वडिलांना स्टेशनवर कोण सोडायचं, पोहण्याच्या तलावावर कोण यायचं, आई नोकरीला कधी लागली आणि शेजारणी काय म्हणाल्या, हे विचारा. तलावाच्या प्रश्नावर बाकीचं आपोआप निघतं. बोलणं रेकॉर्ड करायचं तर आधी परवानगी घ्या.

हे सगळं एका फाइलमध्ये लावा आणि पहिल्या पानावर दोन सालं लिहा. १९६५च्या इमिग्रेशन कायद्याने आपल्याला या देशात यायची वाट मोकळी केली. १९६८च्या फेअर हाउसिंग कायद्याने घर घेण्याचा हक्क दिला, आणि तो मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर आठवड्याभरात सहीला गेला. ज्यांना ही घरं नाकारली गेली, त्यांनी तो झगडा दिला होता. मुलांना हे पान आईबापांनीच वाचून दाखवावं, शाळेवर सोडू नये.

फाइलची एक प्रत ग्रंथालयाला द्या. जुने फोटो असतील तर मागे पेन्सिलने रस्ता, घर क्रमांक आणि साल लिहा. घर विकाल तेव्हा एक संच नव्या मालकाच्या हाती किल्ल्यांबरोबर द्या.