आहार आणि लिंगानुसार उंदरांचे वजन कसे अभ्यासावे

आहाराचा परिणाम पाहताना नर आणि मादी उंदरांची वजने एकाच सरासरीत मिसळू नयेत. साधारण २१ व्या दिवशी दूध तुटते तेव्हा दोघांची वजने जवळपास सारखी असतात. वयात आल्यावर मात्र नर झपाट्याने पुढे जातो आणि विस्टार या प्रयोगशाळेतल्या उंदीरजातीचा प्रौढ नर बहुधा ३०० ग्रॅमच्या पुढे भरतो, तर मादी त्याच्या बरीच मागे राहते. म्हणून दोन आहार आणि दोन लिंगे असे चार गट करावेत. संस्थेच्या प्राणी नीतिमत्ता समितीची मंजुरी हाती येण्यापूर्वी उंदीर मागवू नयेत, हे वेगळे सांगायला नको.

खरी गफलत आहारात होते. चरबीयुक्त आहाराची तुलना बाजारात मिळणाऱ्या उंदरांच्या साध्या खाद्यगोळ्यांशी केली, तर चरबीबरोबर तंतू, पिष्ट आणि प्रथिनांचा स्रोतही बदलतो. तेव्हा तुलनेचा आहार त्याच घटकांचा, फक्त कमी चरबीचा असावा. ‘४५ टक्के चरबी’ म्हणजे वजनाचे नव्हे, उष्मांकाचे ४५ टक्के. असा आहार शीतपेटीत ठेवावा आणि थोडाथोडा काढावा, कारण जळगाव-भुसावळच्या उन्हाळ्यात तो लवकर खवट होतो आणि खवट अन्न उंदीर टाळतात.

याच उन्हाळ्याचा दुसरा फटका खोलीला बसतो. प्राणिगृहाचे तापमान २२ अंशांच्या आसपास राहायला हवे; मे महिन्यात वीज जाऊन वातानुकूलन बंद पडले की उंदीर कमी खातात आणि आहाराचा परिणाम झाकला जातो. किमान-कमाल तापमापीची नोंद रोज वहीत करावी.

उंदीर रात्री खातात, त्यामुळे वजन ठरलेल्या वेळी, शक्यतो सकाळी घ्यावे. काट्यावर डबा ठेवून आकडा शून्यावर आणावा, मग उंदीर आत सोडावा. उरलेल्या अन्नाबरोबर भुशात सांडलेला चुराही चाळून तोलावा. मादीचे ऋतुचक्र चार-पाच दिवसांचे असते आणि त्यातल्या एका रात्री इस्ट्रोजेनच्या प्रभावामुळे तिचे खाणे घटते. एका दिवसाच्या नोंदीवरून तिला आहार रुचला नाही, असा निष्कर्ष काढू नये.

समजा, नर ३०० वरून ३६० ग्रॅमवर गेला आणि मादी २०० वरून २४० वर. ग्रॅममध्ये नराची वाढ दीडपट दिसते, पण टक्क्यांत दोघेही २० वरच आहेत. त्यामुळे दोन्ही आकडे द्यावेत आणि आहार व लिंग यांची आंतरक्रिया (म्हणजे आहाराचा परिणाम नर-मादीत वेगळा असणे) टू-वे अनोव्हाने, म्हणजे दोन घटकांचा परिणाम एकत्र पाहणाऱ्या सांख्यिकी चाचणीने, स्वतंत्रपणे तपासावी. नरांत फरक लक्षणीय आला आणि मादींत आला नाही, एवढ्यावरून आंतरक्रिया सिद्ध होत नाही.