हॅलोविनचा भोपळा: आधी गर, मग चेहरा

अमेरिकेत ऑक्टोबरअखेर हॅलोविनला (३१ ऑक्टोबरचा भुताखेतांचा सण) दारोदारी कोरलेले भोपळे दात विचकत बसतात आणि नोव्हेंबर उजाडला की थेट कचऱ्यात. कोरायचाच असेल तर ३० किंवा ३१ तारखेलाच कोरा, आणि आतला गर लगेच स्वयंपाकघरात न्या. रात्रभर मेणबत्ती लावून बाहेर ठेवलेला भोपळा मात्र खाऊ नका. हा भोपळा आपल्या लाल भोपळ्यापेक्षा पाणचट. म्हणून कीस घट्ट पिळा, गूळ (जरा सढळ हाताने!) घालून आटवा आणि मावेल तेवढी कणीक मळून घारगे थापा. बिया धुऊन, पुसून, तेल-मीठ चोळून ओव्हनमध्ये कुरकुरीत भाजा. उरलेल्या सालपटावरचं मेण खरवडून काढा आणि सालपट कंपोस्टमध्ये टाका.